कंपनीचा पत्ता कोणाच्या हाती?

आपल्या घराण्यांत पेढीवर आलेले पत्र वडीलधारा माणूस स्वतः उघडीत असे. आता मुले प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढतात. घर खारघरला, गोदाम कळंबोलीत आणि नोंदणीकृत कार्यालय मात्र सल्लागाराने सुचविलेल्या भाड्याच्या एखाद्या टेबलावर!

अमेरिकेतील डेलावेअर राज्यात कंपनीला ‘रजिस्टर्ड एजंट’ नेमावाच लागतो. न्यायालयीन कागद तो स्वीकारतो. आपला २०१३ चा कंपनी कायदा कलम १२ अन्वये माणूस नव्हे, कार्यालय मागतो. नोटीस त्या पत्त्यावर बजावली जाते. व्यवहारात मात्र एजंटाची जागा सल्लागाराने घेतली आहे.

माझ्या परिचयातील एका व्यापाऱ्याने नोंदणीतील ई-मेल व मोबाइलही सल्लागाराचाच दिला होता. फीवरून दोघांचे बिनसले आणि वार्षिक विवरणे तीन वर्षे भरली गेली नाहीत. २०१७ साली देशभरात सुमारे तीन लाख संचालक अपात्र ठरले, त्यांत हे गृहस्थही होते. पाच वर्षांची ही अपात्रता त्यांना कळली ती कर्जाच्या नूतनीकरणासाठी बँकेत गेल्यावर. धंदा चोख होता, कराची थकबाकी नव्हती. तरीही कर्ज अडले.

कोऱ्या चेकवर सही करून देणारा व्यापारी मी क्वचितच पाहिला. डिजिटल सहीचे टोकन पासवर्डासह सल्लागाराच्या खणात ठेवणारे मात्र पुष्कळ. ते टोकन घरच्या तिजोरीतच असावे. सल्लागार सनदी लेखापाल वा कंपनी सचिव असेल, तर त्याच्या संस्थेकडे सदस्यत्वाची खातरजमा करावी. ‘फॉर्म भरला’ या तोंडी शब्दावर न थांबता चलन मागावे. वार्षिक विवरणांच्या प्रत्येक फॉर्मला विलंबशुल्क दररोज १०० रुपये आहे. फी ठरविताना घासाघीस जरूर करावी, पण सर्वांत स्वस्त माणूस निवडू नये, असे माझे मत आहे.

राहत्या घराचा पत्ताही चालतो. मालकाची संमती आणि दोन महिन्यांच्या आतले वीजबिल लागते. घरी आजोबा असतील, तर टपाल घेण्यास त्यांच्याइतका भरवशाचा माणूस पैसे देऊनही मिळत नाही. भाड्याचाच पत्ता घ्यायचा असेल, तर भर दुपारी एकदा तेथे जाऊन यावे. कंपनीच्या नावाची पाटी बाहेर लागते, तीही स्थानिक लिपीत. कुलूप आहे का, टपाल कोण घेतो, हे पाहावे. निबंधकांनाही आता जागेची प्रत्यक्ष तपासणी करता येते.