मधली वाट

सायकलीवरून जाणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडे एक समजूत फार दिवसांपासून रूढ आहे. तो कुठेतरी जायला निघालेला आहे, असे लोक धरून चालतात! दूधवाला, पेपरवाला, गवंड्याच्या हाताखालचा मजूर यांच्याबाबतीत ते खरेही असते. परंतु दिवस उजाडण्यापूर्वी उठून, कानाला मफलर गुंडाळून, वीस-बावीस किलोमीटर पाय मारून जो गृहस्थ निघाला त्याच दारात परत येतो, तो नेमका कुठे गेला होता म्हणायचे? 2020 सालच्या हिवाळ्यात हा प्रश्न सोलापुरातल्या बऱ्याच घरांतून विचारला गेला असेल. आमच्या घरी तर तो रोज विचारला जाई, आणि चहाचा कप पुढे सरकवताना अशा काही सुरात, की त्याचे उत्तर अपेक्षित नाही हे माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाला तात्काळ कळावे.

ते वर्षच चमत्कारिक होते. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि ज्यांची कामे उचलून नेण्याजोगी होती त्यांची कामे घरी आली. माझा वर्ग घरी आला. म्हणजे काय झाले, तर ज्या बाकांवर साठ चेहरे दिसत तिथे पडद्यावर काळे चौकोन दिसू लागले, आणि अलंकार शिकवताना कोणी हसते आहे की झोपले आहे हे समजेनासे झाले. सायकलीचे दैवही त्या वर्षी असेच विचित्र खेळले. ज्या ‘ॲटलस’ सायकलीवर देशातल्या दोन पिढ्या कामाला गेल्या, त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला तो 3 जून 2020 रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी! आणि पुढे थोड्याच महिन्यांत गिअरच्या सायकलीसाठी दुकानात नाव नोंदवून थांबायची पाळी आली. व्यायामशाळा बंद, बागा बंद. मोकळा होता तो फक्त रस्ता.

दिवाळी उरकली आणि आम्ही तिघे नेमाने निघू लागलो. एक मी. दुसरे आमचे अण्णा. पूर्व भागातले, साठी ओलांडलेले, चार यंत्रमाग बाळगून असलेले पद्मशाली गृहस्थ. घरात तेलुगू, बाजारात कन्नड आणि आमच्याशी मराठी बोलणारे, म्हणजे पक्के सोलापूरकर. तिसरा माझ्या गल्लीतला एक तरुण. पुण्याला हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत नोकरी, आणि साथीमुळे सोलापुरात आईवडिलांकडे परतलेला. त्याला आम्ही हिंजवडीकरच म्हणत असू. अक्कलकोट रस्त्याने कुंभारीपर्यंत जाऊन परत यायचे, हा नित्याचा क्रम. रविवारी तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याच्या तलावावर जाऊन हिवाळी पाहुणे पक्षी बघायचे.

सोलापूरच्या थंडीला थंडी म्हणावे की नाही, याबद्दल बाहेरगावच्या लोकांत मतभेद आहेत. उन्हाळ्यात पारा 44 अंशांवर जातो, तो डिसेंबरात पहाटे पंधराच्या आसपास उतरला की आम्ही लगेच माकडटोप्या काढतो. फिनलंडमध्ये औलू नावाचे गाव आहे. तिथे बर्फातही पोरे सायकलीने शाळेत जातात, आणि हिवाळ्यातल्या सायकलिंगवर 2013 साली तिथे जागतिक परिषदही भरली होती. ही हकीकत हिंजवडीकराने आम्हांला सांगितली, तेव्हा अण्णा शांतपणे म्हणाले, “त्यांना मे महिन्यात एकदा इकडं बोलवा की. मग परिषद भरवू.” आमची थंडी मात्र गोड असते. दोन्ही बाजूंना कमरेइतकी उभी ज्वारी, तिच्यावर दव, कुठे हुरड्याची आगटी पेटल्याचा वास, आणि हातमोज्यांतून बोटांना नुसता चावा घेऊन जाणारा वारा.

सायकलीवरच्या गप्पा ही एक स्वतंत्र चीज आहे. समोरासमोर बसून बोलताना माणूस दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून आपले शब्द आवरतो. सायकलीवर दोघांचीही नजर रस्त्यावर असते, त्यामुळे मनातले बोलणे सहज बाहेर पडते. शिवाय त्या दिवसांत जे सहा फुटांचे अंतर राखायचे होते, ते दोन सायकलींमध्ये आपोआप राखले जाई. चढ लागला की सगळे गप्प. वाक्य जिथे तुटले तिथेच ते उतारावर पुन्हा जोडले जाते. कितीतरी वादांतली कडवट उत्तरे अशी चढावरच विरून गेली! घरात किंवा सभेत अधूनमधून असा चढ असता तर किती बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटते.

त्या हिवाळ्यात विषय फिरून फिरून एकाच ठिकाणी येई: घरून काम. हिंजवडीकर एकदा म्हणाला, “सर, मी साडेआठला घरी पोचतो, आंघोळ करतो आणि कामाला बसतो. हे बावीस किलोमीटर म्हणजे माझं ऑफिसला जाणं आहे. सुरुवातीचे सहा महिने मी खाटेवरून उठून खुर्चीवर बसत होतो. आईशी बोलताना कामाचं डोक्यात, कामात असताना आईचं. पुण्यात तासतास गाडीत अडकून पडायचो, तेव्हा वैताग यायचा. आता वाटतं, तेवढा वेळच माझा होता.”

अण्णांनी मान डोलावली. त्यांचे वडील गिरणीत होते. सोलापूरची पहिली कापडगिरणी 1877 साली उभी राहिली. तिच्या मागून आणखी आल्या, आणि भोंगा हेच शहराचे घड्याळ झाले. अण्णा सांगत होते, “वडील सायकलवर जायचे. हॅन्डलला डबा. जाताना कुणाशी बोलायचे नाहीत. येताना मात्र दहा जण बरोबर. मुकादमावरचा सगळा राग रस्त्यातच संपवून यायचे. घरात आले की शांत.”

घर आणि काम यांच्यामधल्या वाटेला आपण फुकट गेलेला वेळ मानत आलो. पण ती वाट एखाद्या उंबरठ्यासारखी असते. कारकून आपले कारकूनपण तिच्यावर उतरवून ठेवतो आणि बाप होऊन घरात शिरतो. साथीने ती वाट काढून घेतली तेव्हा आम्हांला तिची किंमत कळली, आणि आम्ही ती सायकलीने पुन्हा आखून घेतली, इतकेच.

हे सगळे तत्त्वज्ञान मी मोठ्या समाधानाने मनात जुळवीत असताना, एका सकाळी कुंभारीच्या चहाच्या टपरीवर, त्याला एका बाईने सहज टाचणी लावली.

ती विड्या द्यायला निघाली होती. कुंभारीला विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत आहे. 2006 साली ती पुरी झाली आणि तिला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. बाईने पिशवी बाकावर टेकवली आणि मुखपट्टी हनुवटीवर ओढून चहा घेतला. आमचा अवतार बघून तिने विचारले, “रोज येता व्हय? काम काय करता?”

“घरूनच करतो, अक्का,” हिंजवडीकर म्हणाला. “कंपनी काम पाठवते, घरी बसून करायचं, परत पाठवायचं.”

“म्हंजे आमच्यावानीच की!” बाई खुशीत म्हणाली. “मग माल छाटत्यात का तुमचा?”

तो हसला. “छाटतात की. चूक निघाली तर परत करायला लावतात.”

“आणि पैसे? हजारावर?”

“नाही, महिन्याचा पगार असतो.”

“छाटलेल्याचा कापत न्हाईत?”

“नाही.”

“मग बरंय बाबा तुमचं,” असे म्हणून तिने पिशवी उचलली. दोन पावले गेली आणि मागे वळून म्हणाली, “मला तर ह्यो विड्या द्यायला जायचा रस्ता तेवढाच बरा वाटतो. टाळं लागलं तवा त्योबी गेला.”

परतताना रस्ता सपाट होता, तरी आम्ही तिघे चढावर असल्यासारखे गप्प होतो.

‘घरून काम’ हे शब्द साथीने आणले असे आपण समजतो. सोलापुरात ते काम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. पूर्व भागात खड्डामागाच्या शेजारी पाळणा हलत असे. विडी तर घरातच वळली जाते: तेंदूची पाने भिजवायची, मापाने कातरायची, तंबाखू भरायचा, दोऱ्याने बांधायचे. हजार विड्यांना दिवस जातो. ज्या खोलीत पोर निजते तिथेच तंबाखूची धूळ उडते. 1966 च्या विडी कामगार कायद्याने घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले, ही मोठीच गोष्ट. पण कायदा तिला मजुरी मागण्याचा हक्क देऊ शकला. उंबरठ्याबाहेरची वाट कुठून देणार? टाळेबंदीत कारखाने थांबले तेव्हा आमचे काम घरी आले, पगारासकट. तिचे घरातलेच काम गेले, आणि त्याबरोबर मजुरी व ती अर्ध्या तासाची वाटही.

पुढे 15 फेब्रुवारी 2021 ला महाविद्यालये निम्म्या हजेरीने उघडली. मग दुसऱ्या लाटेने सगळेच पुन्हा बंद केले. आता त्या गोष्टी जुन्या झाल्या. हिंजवडीकर पुण्याला परतला. त्या बाईशी झालेले बोलणे आठवून असेल, निघताना तो मला म्हणाला, “सर, घरून काम चांगलं की वाईट, हे ज्याला घराबाहेर पडता येतं त्यानंच ठरवायचं असतं का?” मी वर्गात अनेक प्रश्नांची उत्तरे देतो. याचे मला देता आले नाही.

2024 च्या जानेवारीत कुंभारीजवळ रे नगरची पहिली पंधरा हजार घरे श्रमिकांना मिळाली. चांगली पक्की घरे आहेत. अण्णा आणि मी हिवाळ्यात तिकडून जातो तेव्हा दारादारांत सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाया दिसतात. मान वर न करता त्यांची बोटे चालू असतात. पिशवी घेऊन एखादी रस्त्याला लागलेली दिसली की अण्णा घंटी वाजवीत नाहीत. सायकल कडेला घेतात आणि तिला रस्ता देतात.