काट्यावरचा शिक्का

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या म्हसावद गावात धान्याचा व्यापार करणारे एक कुटुंब आहे. घरातील नात डॉक्टर झालेली. एका संध्याकाळी ती आजोबांच्या गादीजवळ बसून आपली प्रमाणपत्रे लावत होती. नोंदणीच्या नूतनीकरणाला जेमतेम महिना उरला होता. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडील नोंदणी दर 5 वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे 30 क्रेडिट पॉइंट लागतात. तिच्या बेरजेत 31 आले.

आजोबांनी सवयीने विचारले, “बेटा, प्रत्येक कागदाच्या दिवशी तू तिथे पूर्ण वेळ बसली होतीस ना?”

ती थबकली. 2 पॉइंटांच्या एका सत्रात हजेरीपटावर सही करून ती चहानंतर निघून आली होती. विषय होता वैद्यकीय आचारसंहिता. 2002 च्या नियमावलीत 2009 साली दुरुस्ती होऊन डॉक्टरांना औषध कंपन्यांकडून भेटवस्तू व प्रवासखर्च घेण्यास मनाई झाली, त्याची चर्चा तिथे व्हायची होती. नीतीच्या सत्रालाच खोटी हजेरी लागली होती.

“कागद पूर्ण आहे, आजोबा. तपासणीत कोणाला कळणार?”

आजोबांनी दुकानातील काट्याकडे बोट दाखवले. “वजनमापे खात्याचे निरीक्षक दरवर्षी येतात. जुना शिक्का पाहून ते परत जात नाहीत. प्रमाणित वजन काट्यावर ठेवून पाहतात. आणि त्यांचे ते वजनही वरच्या दर्जाच्या वजनाशी ताडलेले असते.”

परवाना देणाऱ्या कोणत्याही मंडळाचे लेखापरीक्षण याच न्यायाने व्हावयास हवे. प्रमाणपत्रांची बेरीज नियमाइतकी भरते का, हा प्रश्न सर्वांत सोपा. तेवढ्यावर थांबणे म्हणजे रोजमेळ न उघडता खतावणीची बाकी मान्य करणे होय. काही नावे नमुन्यादाखल निवडून हजेरीपट, येण्याजाण्याच्या वेळा आणि सत्राचा अहवाल येथपर्यंत मागे जावे लागते. पुढचा प्रश्न मंडळालाच विचारावा लागतो: आपल्या नोंदी आपण शेवटच्या केव्हा पडताळल्या, आणि चूक आढळली तेव्हा काय केले? इतके करूनही लेखापरीक्षकाला उपस्थितीच मोजता येते. लक्ष आणि नियत मोजणारा काटा त्याच्याजवळ नसतो. ते वजन ज्याचे त्यानेच करावयाचे असते.

नातीने तो कागद गठ्ठ्यातून काढून बाजूला ठेवला. बेरीज 29 झाली. मुदतीपूर्वीच्या एका रविवारी ती पहाटेच्या एस.टी.ने धुळ्याला गेली, दुसऱ्या सत्राला बसली आणि दिवेलागणीनंतर परतली.

त्या वेळी धडगावच्या बाजूने आलेला एक शेतकरी दुकानात ज्वारीचे पोते उतरवत होता. आजोबांनी त्याला क्षणभर थांबवले, काटा रिकामा असताना शून्य दाखवतो याची त्याच्यादेखत खात्री केली, आणि मगच पोते वर चढवू दिले.