बाई, रेषा दिसली का?

गेल्या वर्षी चौथीच्या वर्गात मी युरोपचा नकाशा लावला होता. एका मुलानं हात वर केला. "बाई, ही देशादेशांमधली रेषा खरोखर जमिनीवर आखलेली असते का हो?"

सगळा वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. आमची शाळा कागल तालुक्यातली. कुणाची मावशी निपाणीला, कुणाचा मामा चिकोडीला. कर्नाटकात शिरताना रेषा कुणी पाहिलेली नाही. पाट्यांवरची अक्षरं बदलतात, एवढंच. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "पण बाई, कोरोनात कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या अडवत होते. बाबा सांगतात, रिपोर्ट दाखवल्याशिवाय सोडत नव्हते." तेही खरंच होतं.

"मी मे महिन्यात जर्मनीला चाललेय," मी म्हटलं. "दोन देशांमधली रेषा बघून येते आणि तुम्हांला सांगते."

माझी धाकटी बहीण जर्मनीत ट्रिअर गावी राहते. तिला मुलगी झाली होती. मी आणि आई असं दोघींनी जायचं ठरलं. आईनं जुन्या लुगड्यांचं मऊसूत दुपटं शिवायला घेतलं आणि मी कागदपत्रं गोळा करायला.

युरोपात जायला आपल्याला व्हिसा, म्हणजे प्रवेशाची परवानगी लागते. गंमत अशी, की एका 'शेंगेन व्हिसा'वर तब्बल २९ देशांत फिरता येतं! मग अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे. आमचा मुक्काम ट्रिअरला, म्हणून जर्मनीकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. फी ९० युरो. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मी, त्याहून लहानांना माफ. शिवाय फोटो, बँकेचे कागद, शाळेचं रजेचं पत्र, बहिणीचं बोलावणं आणि आजारपणासाठी ३०,००० युरोंचा विमा. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जायचं होतं. बारा वर्षांखालच्या मुलांचे मात्र ठसे घेत नाहीत, बरं का!

महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटं काढून झाली. निघायच्या चार दिवस आधी बहिणीचा फोन आला. "ताई, आईच्या पासपोर्टची मुदत बघितलीस ना?"

बघितली होती. २० जुलै २०२५. आम्ही २८ मेला परतणार होतो. म्हणजे मुदत होतीच की!

"अगं, नियम तसा नाही. युरोपातून निघाल्यावर पुढे तीन महिने तरी पासपोर्ट चालू असायला हवा."

मी बोटांवर मोजलं. २८ ऑगस्टपर्यंत हवा होता. माझ्या पोटात गोळाच आला. नवा पासपोर्ट, मग पुन्हा व्हिसाची तारीख, तोवर माझी सुट्टीच संपली असती. चूक माझीच होती. मुलांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून रोज सांगणारी मी, नियम नीट वाचलाच नव्हता.

आई काही बोलली नाही. तिनं दुपट्याचा शेवटचा टाका घातला, घडी केली आणि माझ्या बॅगेत वरच ठेवली. "चुरगळू देऊ नको," एवढंच म्हणाली.

फ्रँकफर्टच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, कुठे राहणार, किती दिवस? कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. माझे सतराच होते. त्यानं पासपोर्टवर शिक्का मारला. आता हे शिक्के जुन्या गोष्टी होऊ लागलेत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी पद्धत सुरू झाली. त्यात चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन येण्याजाण्याची नोंद संगणकात होते.

काही देशांच्या लोकांना, उदाहरणार्थ जपान, अमेरिका, ब्रिटन, थोड्या दिवसांसाठी व्हिसा लागत नाही. त्यांच्यासाठी 'एटियास' नावाच्या परवानगीचा कायदा २०१८ मध्ये झाला. घरबसल्या संगणकावर अर्ज आणि २० युरो फी. अठराच्या आतल्यांना आणि सत्तरीपुढच्यांना तीही माफ. आपल्याला मात्र व्हिसाच काढावा लागतो.

दुपटं भाचीच्या अंगावर घातलं आणि दुसऱ्या आठवड्यात आम्ही रेषा शोधायला निघालो. ट्रिअरहून लहानशी रेल्वे मोझेल नदीकाठानं पेर्लला जाते. पेर्ल जर्मनीत. स्टेशनातून बाहेर पडलं, की लगेच नदीवरचा पूल. पुलापलीकडे द्राक्षमळ्यांच्या उतारापाशी एक चिमुकलं गाव. तो लक्झेंबर्ग देश आणि त्या गावाचं नाव शेंगेन! अहो, आपल्या व्हिसावर लिहिलेलं नाव ते हेच.

१४ जून १९८५ रोजी इथेच, नदीतल्या 'प्रिन्सेस मारी-आस्त्रिद' नावाच्या बोटीवर पाच देशांनी करार केला : बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स. आपापसांतल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करायची, असं ठरलं. गावच का निवडलं? कारण फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग इथे एकमेकांना भेटतात. प्रत्यक्षात तपासणी थांबायला २६ मार्च १९९५ उजाडला. आणि यांतल्या बहुतेक देशांनी विसाव्या शतकात दोन महायुद्धांचे घाव सोसले होते, हे विसरू नका.

मी पुलावर उभी राहिले. खाली वाकून बघितलं. रेषा कुठंय? फाटक नाही, नाका नाही. सायकलवरून एक आजोबा ब्रेडची पिशवी घेऊन एका देशातून दुसऱ्या देशात गेले. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

बहीण म्हणाली, "ताई, इथे तर नदीच्या मध्यातूनसुद्धा रेषा नाही. इथली मोझेल जर्मनी आणि लक्झेंबर्ग दोघांची मिळून आहे."

मी तिथूनच आईला फोन लावला. तिला सगळं सांगितलं. आई हसली. "म्हणजे सामाईक विहीर की गं! आपली नि तुझ्या चुलत्यांची आहे तशी. दोघांनीही उपसायची, दोघांनीही राखायची."

इतकं सोपं मला सांगता आलं नसतं.

पण विहिरीवरही भांडणं होतात. कोरोनात, २०२० मध्ये, इथेही तपासणी पुन्हा सुरू झाली होती. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीनं आपल्या सर्व जमिनी सीमांवर तपासणी परत आणली. आम्ही गेलो त्या दिवशी पुलावर कोणी नव्हतं, तरी पासपोर्ट पर्समध्ये होताच. दुपारी नदीच्या काठाकाठानं चालत आम्ही फ्रान्समध्येही पाऊल ठेवून आलो. एका दिवसात तीन देश!

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी तोच मुलगा, आता पाचवीतला, दारात उभा. "बाई, रेषा दिसली का?"

"पुलावर नाही दिसली," मी म्हटलं. "ती मला आमच्या घरी दिसली. आईच्या पासपोर्टवर, मुदतीच्या तारखेत."

मुलांनो, तुमच्या घरी पासपोर्ट असतील, तर आज आईबाबांसोबत त्यांच्या तारखा बघा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो. आमच्या आईचा नवा पासपोर्ट आलाय, चांगला दहा वर्षांचा. तिनं दुसरं दुपटं शिवायला घेतलंय, या वेळी जरा मोठं. नात वाढतेय ना!