ऊन, सलाई आणि अब्बांचे पाय

आम्ही दोघी जावा. एक शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, दुसरी घर आणि शेतावरच्या माणसांचे डबे सांभाळते. तीर्थपुरीत मार्चपासून पंखा बंद होत नाही. अशा गावात लोकर घेऊन बसलेल्या बायका बघून लोक हसणारच. त्यात आमची बोली. घरात आम्ही सुयांना सलाई आणि लोकरीला ऊन म्हणतो. एकदा भर मे महिन्यात अंगणात कुणीतरी ओरडलं, "भाभी, ऊन कम पड रहा है!" भिंतीपलीकडून शेजारच्या काकू म्हणाल्या, "इकडे या गं, हवं तेवढं न्या."

सुरुवात पिशवीने केली, कारण पिशवीला गळा नसतो, बाही नसते. पण पिशवीचंही एक शास्त्र आहे. विणकामाचा टाका म्हणजे एकात एक अडकवलेला फास. दोन किलो कांदे घातले की तो ओढला जातो आणि पिशवी गुडघ्यापर्यंत लोंबते. म्हणून दोरा जाड सुती घ्यावा, सुया बारीक घेऊन वीण घट्ट ठेवावी आणि आतून जुन्या सलवारीच्या कापडाचं अस्तर लावावं. पट्टे मात्र विणू नयेत, कापडाचेच शिवावेत. अशा पिशव्या आम्ही ईदला नात्यात वाटल्या. विकल्या नाहीत; लागलेल्या तासांचा हिशेब केला तर गिऱ्हाईक पळून जाईल.

मग आले लेगवॉर्मर. अम्मी त्यांना 'बिनपंजाचे मोजे' म्हणतात आणि हेच नाव आम्हाला जास्त आवडतं. पोटरीभोवती बसणारी नळी, दोन टाके सुलट, दोन उलट, बस्स. जानेवारीत फजरच्या वेळी इकडे चांगलाच गारठा असतो. आधीच अम्मींचे गुडघे धरलेले. नळी वर सरकवली की घोट्यासकट पाऊल धुता येतं, वुजू होतो आणि पोटरी कोरडी राहते. पंजाच्या मोज्यात ही सोय नाही. मसहची सवलत मूळ चामडी मोज्यांची आहे, मुकामी माणसाला एक दिवस-रात्र आणि मुसाफिराला तीन. हातविणीच्या मोज्यातून पाणी आरपार जातं, म्हणून आमच्या हनफी घरात मोजा काढून पाय धुतला जातो. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं.

मोज्यांकडे मात्र आम्ही हौसेने वळलो नाही. अब्बांना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना, बऱ्याच वर्षांपासून साखरेचा आजार. पावलं हळूहळू बधिर झाली. एका हिवाळ्यात बाजारातून आणलेल्या मोज्याची शिवण करंगळीला घासत राहिली आणि त्यांना कळलंच नाही. मोजा गडद तपकिरी, त्यावर डाग दिसला नाही. दिसला तेव्हा जखम खोल गेली होती. दोन महिने मलमपट्टी चालली आणि बोट काढावं लागतं की काय या धास्तीत आम्ही ते दिवस काढले. अल्लाहच्या कृपेने बोट वाचलं.

त्यानंतर डॉक्टरांनी जे सांगितलं, त्यातूनच आमच्या मोज्याचा नमुना ठरला. आत शिवण नको, काठाला घट्ट इलास्टिक नको, सुरकुती पडेल इतका सैल नको आणि रंग पांढरा किंवा फिकट, म्हणजे रक्ताचा ठिपका लगेच दिसेल. बाजारात लोकर म्हणून जी मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक, ती घाम शोषत नाही. आम्ही सुती दोरा घेतला. कापसाच्या जिल्ह्यात राहून दुसरं काय घ्यायचं? तसं सुती मोजे विणणं नवं नाहीच. इजिप्तमध्ये सापडलेले, सुमारे 11व्या ते 14व्या शतकांतले निळ्या-पांढऱ्या दोऱ्याचे विणलेले मोजे आज संग्रहालयांत आहेत, तेही सुतीच.

माप संध्याकाळी घ्यावं, तेव्हा पाऊल थोडं सुजलेलं असतं. अब्बांच्या पंजाचा घेर 24 सेंटीमीटर. आमच्या हाताने 10 सेंटीमीटरमध्ये 22 टाके बसतात, म्हणजे साधारण 53 टाके झाले. निरोगी पायाला एक दशांश कमी करून 48 घेतले असते, पण अब्बांसाठी 52 घेतले. चाराने भाग जातो, त्यामुळे दोन सुलट-दोन उलट जुळतं. दोन्हीकडे टोक असलेल्या सुयांवर गोल विणलं की बाजूची शिवण राहत नाही. पंजाच्या टोकाचे टाके समोरासमोर सुईदोऱ्याने ओवून घ्यायचे, गाठ न मारता. हे शिकायलाच आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला.

मोजा कितीही चांगला असो, ओल्या पायावर तो नको. वुजूनंतर अब्बांच्या बोटांच्या फटी मऊ फडक्याने कोरड्या कराव्या लागतात. थंडीत वुजूचं पाणी किती गरम आहे ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हाताने पाहायचं, कारण बधिर पायाला चटका कळत नाही. शेकोटीजवळ पाय पसरणंही बंद. ही कामं आता नातवंडांकडे आहेत. रात्री मोजे काढल्यावर धाकटी टॉर्च लावून तळपाय तपासते आणि अब्बा तिला "डॉक्टरनी बाई" म्हणतात.

अब्बांना तीन जोड्या लागतात. एक पायात, एक धुण्यात, एक दोरीवर. सध्या तिसरीची टाच चालू आहे.