शेंगांचा भुंगा आणि वहिनी

मैत्रिणींनो, तुमच्याही माहेरून उन्हाळ्यात भुईमुगाच्या शेंगा येत असतील. दोन वर्षांपूर्वी वहिनींनी मला पोतंभर पाठवल्या. दिवाळीच्या चिवड्यासाठी फोडायला बसले, तर टरफलांना मुगाएवढी गोल भोकं आणि आत नुसता भुगा! सासूबाई समोरच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागाच्या भरात फोन करून म्हटलं, “किडक्या शेंगा आमच्याच वाट्याला का, वहिनी?” त्या गप्पच राहिल्या.

पोतं हलवलं, तर मागे मार्चमध्ये घेतलेली चिंचेची टोपली. न फोडलेली, आळसाने तशीच राहिलेली. चिंचोक्यांना हुबेहूब तीच भोकं!

हा भुंगा मूळचा चिंचेवरचाच. सालासकट दाणे सुरक्षित, असं आपण धरून चालतो. पण मादी टरफलावर बारीक पांढुरकी अंडी चिकटवते आणि अळी अंड्यातून थेट टरफल पोखरून आत जाते. दाणा खाऊन पुष्ट झाली की बहुधा बाहेर येते. ते ते भोक. मग कागदासारखा कोश करून बसते. दीड-दोन महिन्यांत नवा तांबूस भुंगा तयार. मे ते दिवाळी म्हणजे दोन-तीन पिढ्या झाल्याच की!

आता चिंच आणली की लगेच फोडून, मीठ लावून बरणीत. शेंगा कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, चिंचेपासून लांब.

वहिनींना फोन करायला मात्र मला आठ दिवस लागले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “वन्सं, यंदा किती पाठवू?”