उत्तराच्या अलीकडे

माहितीच्या पर्याप्ततेचे गणित उत्तर मागत नाही. एक प्रश्न असतो, त्याखाली दोन विधाने असतात, आणि ठरवायचे असते ते इतकेच, की त्यांच्या आधारे उत्तर निश्चित होते का. पहिले विधान एकटे पुरते, दुसरे एकटे पुरते, दोन्ही मिळून पुरतात, दोहोंपैकी कोणतेही एक पुरते, किंवा दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. निकाल या पाचांतलाच एक. अमेरिकेच्या सॅट परीक्षेत १९५९ ते १९७४ या काळात हा प्रकार होता. व्यवस्थापन शिक्षणासाठीच्या जीमॅटमध्ये तो आजही आहे. २०२३ साली आलेल्या नव्या रचनेत तो गणिताच्या विभागातून डेटा इनसाइट्स विभागात गेला. बँकांच्या भरती परीक्षांमुळे महाराष्ट्रातल्या अभ्यासिकांनाही तो परका नाही. आपल्याला किती ठाऊक आहे हे नेमके ओळखायला लावणारा इतका सुंदर प्रश्नप्रकार शालेय गणितात क्वचितच भेटतो.

त्यात टक्के आले की खेळ नाजूक होतो. टक्का हे केवळ नाते आहे. कशाचा, हे कळेपर्यंत तो अधांतरी राहतो. चाळीस टक्के वाढ चार रुपयांची असेल, चार लाखांचीही असेल. म्हणून टक्क्यांचे विधान एकटे दिसले की ते अपुरे समजायची सवय लागते. ती बहुतेकदा खरी ठरते, आणि नेमकी त्यामुळेच फसवते.

एक उदाहरण घेऊ. एका वर्गात ३० पेक्षा जास्त आणि ४० पेक्षा कमी विद्यार्थी आहेत. एकूण विद्यार्थी किती? पहिले विधान: वर्गात बरोबर ३७.५ टक्के मुली आहेत. दुसरे विधान: वर्गात १२ मुली आहेत. दोन्ही वाचताच हात वहीकडे जातो, १२ म्हणजे ३७.५ टक्के तर एकूण ३२, आणि ‘दोन्ही मिळून’ या पर्यायावर खूण होते. ती चूक आहे. ३७.५ टक्के म्हणजे आठात तीन. विद्यार्थ्यांचे तुकडे होत नाहीत, तेव्हा एकूण संख्येला आठाने पूर्ण भाग जायलाच हवा. आणि ३१ ते ३९ यांत आठाच्या पाढ्यातली संख्या एकच, ३२. पहिले विधान एकटेच पुरते. दुसरे एकटे मात्र काहीच सांगत नाही.

या प्रश्नाची गंमत तो थोडा थोडा हलवून पाहण्यात आहे. ३७.५ ऐवजी २५ टक्के केले, तर चाराने भाग जाणाऱ्या ३२ आणि ३६ अशा दोन संख्या उरतात आणि पहिले विधान अपुरे पडते. ‘४० पेक्षा कमी’ऐवजी ‘जास्तीत जास्त ४०’ लिहिले, तर ३२ च्या जोडीला ४० येऊन बसतात. एका टोकाच्या समावेशाने निकाल फिरतो. ‘बरोबर ३७.५’ऐवजी ‘जवळच्या पूर्णांकात ३८ टक्के’ म्हटले, तर ३२ पैकी १२, ३४ पैकी १३, ३७ पैकी १४ आणि ३९ पैकी १५ हे चारही त्यात बसतात. आणि विद्यार्थ्यांच्या जागी टाकीतले लिटर आले, तर पाण्याला तुकड्यांची अडचण नसल्याने ३० आणि ४० यांच्या मधली कोणतीही संख्या चालते. काय मोजले जात आहे, हे न लिहिलेले तिसरे विधानच असते.

प्रश्न ‘हो की नाही’ असा असेल, तर मर्यादांची टोके तपासावीत. एका उमेदवाराचे गुण दुसऱ्याच्या गुणांच्या ६० ते ७० टक्के आहेत आणि दुसऱ्याचे ८० ते ९० आहेत. मग पहिल्याचे गुण ४८ ते ६३ यांच्या दरम्यान असणार. ते ५० पेक्षा जास्त आहेत का, हे सांगता येत नाही. ४५ पेक्षा जास्त आहेत का, याला ठाम होकार आहे. ६५ पेक्षा जास्त आहेत का, याला ठाम नकार, आणि असा नकारही पर्याप्तच. नकार आला म्हणून माहिती अपुरी ठरवणे ही नवख्यांची फार मोठी चूक.

भागाकारात टोके तिरकी जुळतात. भाग ४० ते ५० आणि एकूण ८० ते १०० असेल, तर सर्वांत लहान टक्केवारी १०० पैकी ४० म्हणजे ४० टक्के, आणि सर्वांत मोठी ८० पैकी ५० म्हणजे ६२.५ टक्के. लहानाशी लहान आणि मोठ्याशी मोठे जोडणाऱ्याला दोन्हीकडे ५० मिळतात, आणि नसलेली निश्चिती हाती लागल्यासारखी वाटते.

याच्या उलट, एकही आकडा न देणारे विधान पुरेसे ठरते तेव्हा या प्रकाराचे खरे सौंदर्य दिसते. एका वस्तूची किंमत आधी काही टक्क्यांनी वाढली, मग काही टक्क्यांनी घटली. ती मूळ किमतीपेक्षा कमी झाली का? ‘वाढीचा दर घटीच्या दराइतकाच होता’ एवढे कळले तरी उत्तर ‘हो’, कारण घट वाढलेल्या किमतीवर मोजली जाते. घटीचा दर जास्त असला तरी ‘हो’च. वाढीचा दर जास्त असेल तेव्हा मात्र काहीही घडू शकते: ५० टक्के वाढीनंतर ४० टक्के घट झाली, तर १०० चे ९० होतात, १० टक्केच घट झाली, तर १३५.