पाटी-दप्तराची तजवीज

मृगाच्या सरी कोसळून अजिंक्यताऱ्याच्या उतारावरचे वाळके गवत हिरवे होऊ लागले, कृष्णा-वारणेच्या काठच्या शिवारांत पेरणीची धांदल उडाली, म्हणजे त्याच सुमारास साताऱ्याच्या मोती चौकात आणि सांगलीच्या हरभट रस्त्यावर वह्या-पुस्तकांच्या दुकानांपुढे आईबापांची जी दाटी होते, ती मला पेरणीइतकीच पवित्र वाटत आलेली आहे. दोन्ही खर्च एकाच महिन्यात अंगावर येतात. बी-बियाणे आणि खत यांची उधारी एका बाजूला आणि मुलांच्या वह्यांची रोकड दुसऱ्या बाजूला, अशा कात्रीत सापडलेला माण-खटावकडचा एखादा बाप मास्तरांनी लिहून दिलेली चिठ्ठी दुकानदारापुढे धरतो. चौरेघी दोन, दुरेघी चार, चौकटीची एक, चित्रकलेची एक, एक कंपासपेटी. आणि किमतीचा आकडा ऐकून तो हलक्या आवाजात विचारतो, दोनशे पानीऐवजी शंभर पानी घेतल्या तर चालतील का? शेजारी उभे असलेले त्याचे पोर त्या वेळी दुकानाच्या फळीवरील रंगीत पेन्सिलींच्या डबीकडे पाहत असते. ती डबी चिठ्ठीत नाही हे त्याला ठाऊक असते, आणि म्हणून ते ती मागत नाही. बालपणातला असा समजूतदारपणा पाहिला, की त्याचे कौतुक करण्याआधी मन खिन्न होते.

घरोघरीच्या आयांनी या टंचाईवर पिढ्यान्पिढ्या जी मात केली, तिची नोंद शिक्षणाच्या इतिहासात कोणी घेतलेली नाही. गतवर्षीच्या वह्यांतली कोरी राहिलेली पाने उन्हाळ्याच्या सुट्टीत एकेक करून सोडवायची, त्यांच्या कडा जुळवून वर पाटा किंवा वरवंटा ठेवायचा, मग दाभणाने तीन भोके पाडून जाड दोऱ्याने ती शिवायची, आणि वरून जुन्या दिनदर्शिकेचे गुळगुळीत पान कव्हर म्हणून घालायचे, म्हणजे आठ महिने पुरेल अशी कच्ची वही तयार होई. त्या वहीत एकरेघी, दुरेघी आणि चौकटीची पाने एकापाठोपाठ येत, आणि त्यामुळे गणिताच्या उदाहरणाला मराठी शुद्धलेखनाचे शेजार लाभे. थोरल्याचे पाठ्यपुस्तक धाकट्याकडे आणि धाकट्याकडून शेजारच्या घरी जाई. दगडी पाटी कोळशाने घासून काळीभोर केली जाई, आणि दसऱ्याला तिच्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून, झेंडूचे फूल आणि आपट्याची पाने वाहून तिची पूजा होई. ज्या घरात ग्रंथ म्हणून उजळणीच्या अंकलिपीखेरीज काही नसे, त्या घरानेही पाटीपूजन चुकवले नाही.

परंतु पाटीपूजनाचे हे चित्र रेखाटताना हेही विसरता येत नाही, की याच भूमीत असंख्य घरांच्या वाट्याला पूजेपुरतीसुद्धा पाटी आली नव्हती. आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे १९४९ पर्यंत बहुतांशी एकाच साताऱ्याच्या अमलाखाली नांदत होते. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या मुलखातल्या कटगुणचे मूळ रहिवासी असलेल्या घराण्यातील जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना सरकारला बजावले होते, की तिजोरीत भर पडते ती रयतेच्या श्रमांतून आणि विद्येचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. आणि ज्या सावित्रीबाईंनी त्यांच्यासमवेत हे व्रत घेतले, त्यांचा जन्म १८३१ साली सातारा जिल्ह्यातील नायगावचा. याच मातीत पुढे १९२० साली वाळव्याजवळच्या वाटेगावी अण्णा भाऊ साठे जन्मले. त्यांचा शाळेशी संबंध जेमतेम दीड दिवसाचा. एवढ्या थोर प्रतिभेला आपल्या शाळेने दोन दिवसही धरून ठेवले नाही.

याहून मर्मभेदक दाखला साताऱ्यातच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, जे आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखले जाते, तेथे भिवा रामजी आंबेडकर या नावाने एका बालकाचा दाखला झाला. साताऱ्यातील आपल्या शालेय दिवसांविषयी बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे, की वर्गात बसण्यासाठी त्यांना घरून तरटाचा तुकडा न्यावा लागे. शाळेची झाडलोट करणारा नोकर त्या तरटाला हात लावीत नसे, म्हणून ते तरट संध्याकाळी घरी आणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काखेत मारून शाळेत न्यायचे, असा क्रम होता. शालेय साहित्याच्या याद्या मी पुष्कळ पाहिल्या. परंतु या तरटाच्या तुकड्याइतका भारी जिन्नस कोणत्याही यादीत आढळला नाही. इतर मुलांना जी जागा शाळेने दिली, ती या एका मुलाने रोज आपल्या घरून वाहून आणली. याच शहरात आंबेडकर आडनावाचे एक मास्तर मधल्या सुट्टीत आपल्या शिदोरीतली भाजी-भाकरी त्याला देत, आणि त्या घासाची आठवण बाबासाहेबांनी थोरपणी कृतज्ञतेने सांगितली. एकाच गावात, एकाच काळात, एका मुलाच्या वाट्याला अवहेलना आणि वात्सल्य अशी दोन्ही आली. त्या दाखल्याचा दिवस आज महाराष्ट्र विद्यार्थी दिन म्हणून पाळतो, ते उचितच आहे.

या अवहेलनेला संस्थेच्या रूपाने उत्तर दिले ते कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१० च्या सुमारास मिरजेजवळच्या दूधगावी विद्यार्थ्यांच्या आश्रमाचा उपक्रम सुरू करणाऱ्या या माणसाने १९१९ साली कराडनजीकच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले, आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले. अठरापगड जातींची मुले तेथे एका पंगतीत जेवली, एका छपराखाली झोपली आणि एकाच कंदिलाभोवती बसून शिकली. गावोगाव फिरून धान्य, सरपण, पैसा जे मिळेल ते भाऊराव गोळा करीत. आणि जेव्हा काहीच मिळेनासे झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी मोडले. सौभाग्याचे लेणे गळ्यातून उतरवणे म्हणजे काय, हे त्या काळच्या मराठी संसारात कोणाला समजावून सांगावे लागत नसे. परंतु त्या त्यागाइतकीच मोलाची गोष्ट मला भाऊरावांच्या रीतीत दिसते. मुलांनी शेतात राबावे, पाणी भरावे, दळावे, आणि त्या श्रमाच्या बळावर ताठ मानेने शिकावे, असा त्यांचा दंडक होता. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीदच ठरले. दिलेली वही उपकाराची वाटू नये, याची काळजी त्या रीतीत अंगभूतच होती.

माझे सांगणे एवढेच आहे, की मुलाच्या हाती पाटी पोहोचली की नाही या प्रश्नाला जोडूनच ती कशी पोहोचली हा प्रश्न विचारला पाहिजे. जी वही वर्गातल्या सगळ्यांना सारखी मिळते, ती मुलाला आपली वाटते. जी वही पुढे बोलावून, नाव पुकारून, दात्याच्या पाया पडायला लावून दिली जाते, तिच्यावर लिहिताना त्याचा हात आखडतो.

हे मर्म ज्यांनी न शिकवता ओळखले, ते आपले प्राथमिक शिक्षक. जिल्हा परिषदेच्या शाळेला खडू, डस्टर, हजेरीपट, झाडू यांच्या किरकोळ खर्चासाठी जे सादिल मिळते, ते बहुधा अपुरे आणि पुष्कळदा उशिरा येते, आणि तोवर गुरुजींचा स्वतःचा खिसा हीच शाळेची तिजोरी असते. १९८७ साली केंद्राने खडू-फळा मोहीम काढून शाळांना किमान खोल्या, शिक्षक आणि साहित्य देण्याचे ठरवले, त्याने बरेच साधले. तरी टेबलाच्या खणात दोन जादा पेन्सिली आणि एक खोडरबर ठेवून, ज्याच्याजवळ नाही त्याला कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने ते सरकवणाऱ्या बाई आणि गुरुजी आजही शाळाशाळांतून आहेत. त्या खर्चाची पावती कोठे लागत नाही.

साहित्य पैशानेच येते असेही नाही, हे साताऱ्याजवळच्या कुमठे बीटातील शाळांनी दाखवून दिले. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या प्रेरणेने तेथील शिक्षकांनी वर्गाची फरशीच पाटी केली. तिच्यावर अक्षरे, अंक, कोष्टके रंगवली, आणि चिंचोके, खडे, मणी, बाटल्यांची बुचे, काड्या असे गावातच फुकट मिळणारे जिन्नस गणिताच्या कामी लावले. दुसरीतली मुलगी फरशीवर मांडी घालून बसते, दहा काड्या मोजून त्यांना रबर लावते, असे चार गठ्ठे डावीकडे आणि सात सुट्या काड्या उजवीकडे ठेवते, आणि मग सत्तेचाळीस म्हणते. त्या क्षणी दशक आणि एकक हे तिच्या बोटांना कळलेले असतात. हे पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक कुमठ्याला येऊन गेले, आणि २०१५ साली शासनाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा या प्रयोगाचा आदर्श नजरेसमोर होता.

तरीही शिक्षकाची कल्पकता आणि आईची काटकसर यांच्या आड शासनाला दडता येणार नाही. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाचा मोफत शिक्षणाचा हक्क मान्य केला, आणि त्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके विनामूल्य मिळतात, ही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु या व्यवहारात स्थैर्य हवे. २०२३ साली दप्तराचे ओझे हलके व्हावे म्हणून पाठ्यपुस्तकांचे चार भाग करून त्यांतच वहीची कोरी पाने घातली गेली, आणि दोन वर्षांनी तो प्रयोग मागे घेतला गेला. गणवेशाचे कापड राज्यपातळीवर घेऊन ते बचत गटांकडून शिवून घेण्याचे ठरले. अनेक ठिकाणी गणवेश उशिरा पोहोचले, मापात बसेनात, अशा तक्रारी झाल्या, आणि ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. हेतू चांगले होते; परंतु मुलाची उंची मंत्रालयाच्या मंजुरीसाठी थांबत नाही, आणि जूनमधला गणवेश दिवाळीनंतर आला तर तो त्या मुलाच्या काय कामाचा?

समाजाच्या औदार्याची कसोटी २०१९ च्या ऑगस्टमध्ये लागली. कृष्णेच्या महापुराने सांगली शहर, पलूस, वाळवा, मिरज या भागांत हाहाकार उडवला, आणि पाणी ओसरल्यावर जे चिखलात सापडले त्यात मुलांची दप्तरेही होती. पाने एकमेकांना चिकटून घट्ट झालेली, शाई विरघळून निळी झालेली. त्या दिवसांत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून धान्य आणि कपड्यांबरोबर वह्यांचे गठ्ठेही आले. भुकेल्याला भाकरी द्यावी हे सर्वांना सुचते. त्याबरोबर वहीही द्यावी हे ज्यांना सुचले, त्यांनी पूरग्रस्त घराला त्याचा उद्याचा दिवस परत दिला.

आणि एक साहित्य असे आहे, की जे कोणत्याही दुकानात मिळत नाही. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठरवले, की रोज सायंकाळी सातला भोंगा वाजला म्हणजे साडेआठपर्यंत घराघरांतील दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद राहतील, आणि मुले अभ्यासाला बसतील. वही, पुस्तक, कंपासपेटी सारे आणून दिले, पण शांतता दिली नाही, तर बाकीचे सारे व्यर्थ. ही शांतता एका घराला एकट्याने विकत घेता येत नाही. ती गावाने मिळूनच द्यावी लागते, आणि वडगावने ती दिली.

म्हणून, वाचकहो, येत्या जूनमध्ये आपल्या पाल्यासाठी वह्या घ्याल तेव्हा जमल्यास आणखी एक संच घ्या, आणि तो शाळा उघडण्यापूर्वीच मुख्याध्यापकांच्या कपाटात नेऊन ठेवा. कोणाला द्यायचा हे गुरुजींना ठाऊक असते. त्या मुलाचे नाव विचारू नका, त्याला व्यासपीठावर बोलावू नका, त्याच्यासमवेत छायाचित्र काढून घेऊ नका. सादिल वेळेवर का आले नाही, हा जाब ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत निर्भीडपणे विचारा, कारण मास्तरांच्या खिशावर शाळा चालवणे ही कोणत्याही सरकारला शोभणारी गोष्ट नाही. आपल्या या भूमीत एका मुलाला बसण्यासाठी घरून तरट न्यावे लागले होते. त्या ऋणातून मुक्त व्हायचे असेल, तर शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाला बसायची जागा आणि लिहायची पाटी सर्वांसारखी, सर्वांच्या बरोबरीने आणि पहिल्याच दिवशी मिळाली पाहिजे.